नृत्यातून मालिकेकडे: सुधा चंद्रन यांच्या कारकिर्दीतून काय घ्यावं

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी बारावीत आहे. भरतनाट्यमची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, पुढच्या विशारदची तयारी चालू आहे. मध्यंतरी तिने अपघातात पाय गमावूनही कृत्रिम पायावर नाचलेल्या नर्तकी-अभिनेत्री सुधा चंद्रन यांची एक मुलाखत पाहिली आणि तेव्हापासून मालिकेत काम करायचं म्हणून घर डोक्यावर घेतलं आहे. आईला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. इतकी वर्षं केलेल्या नृत्याचा मालिकेत खरंच उपयोग होतो का? आणि सुधा चंद्रन म्हणजे लाखात एखादी, मग त्यांच्याकडे बघून मुलीने असा निर्णय घ्यावा का?

मी भरतनाट्यम शिकवते आणि मालिकांत नव्याने आलेल्या मुलींची अभिनयाची तयारीही करून घेते, त्यामुळे दोन्हीकडचं लिहिता येईल. माझं मत आधीच सांगते. सुधा चंद्रन यांच्यावर जे ओढवलं ते लाखात एखाद्यावर ओढवतं. टीव्हीवरची त्यांची कारकीर्द मात्र ज्या सामग्रीवर उभी आहे, त्यातली बरीचशी तुमच्या मुलीच्या रोजच्या क्लासमध्ये आहे. लोकांना त्यांचा पाय आठवतो. इतकी वर्षं कॅमेऱ्यापुढे त्यांना टिकवलं ते डोळ्यांनी, भुवयांनी, मानेने आणि लयीच्या पक्क्या भानाने.

त्यांचा जन्म १९६५चा. घर दाक्षिणात्य, वाढल्या मुंबईत. वडील के. डी. चंद्रन यांनाही अभिनयाची ओढ होती. हिंदी चित्रपट आणि मालिकांमधल्या त्यांच्या चरित्र भूमिका अनेकांना आठवत असतील. २०२१ मध्ये ते गेले. मुलीला त्यांनी अगदी लहानपणीच नृत्याला घातलं. कला सदनमध्ये के. एस. रामस्वामी भागवतर यांच्याकडे त्या शिकल्या आणि शाळकरी वयातच मंचावर नियमित कार्यक्रम करू लागल्या. त्या काळात मुंबईत भरतनाट्यम शिकण्याची सोय चांगली होती. माटुंग्याचं श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर १९४५ पासून चालू होतं, आणि दाक्षिणात्य वस्तीत मुलगी चालायला लागली की तिला नाचाला घालायचं हे ठरलेलंच असे.

इथे थोडं विषयांतर करते, कारण मराठी पालक मला नेहमी विचारतात की 'त्यांचं' नृत्य आपल्या मुलीला कसं जमणार. भरतनाट्यमचा आज जो मार्गम् आपण करतो, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा क्रम, त्याला घाट दिला तंजावरच्या चार भावांनी: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु. ते तंजावरच्या मराठा दरबारात होते, दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात. सरफोजींच्या नावावर खास नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना आहेत आणि आचार्य पार्वतीकुमारांनी त्या पुन्हा मंचावर आणल्या. तेव्हा परकेपणाची भीती मनातून काढून टाका.

आता १९८१. सुधा चंद्रन सोळाच्या आसपास होत्या. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या परिसरात कुटुंबासह बसने जात असताना अपघात झाला. इजा तशी जिवावरची नव्हती. पायाचं हाड मोडलं होतं आणि घोट्याजवळ जखम होती. ती जखम नीट साफ न होताच वर प्लास्टर चढलं, आत गँगरीन झालं आणि शेवटी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. यातला 'गुडघ्याखाली' हा शब्द वाचणारे सहसा ओलांडून पुढे जातात. नर्तकीच्या दृष्टीने सगळं त्यावर होतं. भरतनाट्यमची बैठक म्हणजे अरमंडी: गुडघे बाहेरच्या बाजूला उघडून, पाठ ताठ ठेवून अर्धं खाली बसायचं आणि त्याच अवस्थेत मिनिटांमागून मिनिटं पावलं टाकायची. स्वतःचा गुडघा शाबूत असेल तर अरमंडीची आशा उरते. तो गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

दुसरा भाग घोट्याचा. पाश्चात्त्य धर्तीच्या कृत्रिम पावलात तेव्हा घोटा जवळजवळ ठाम असायचा आणि ते पाऊल बुटात घालूनच वापरायचं. आपल्याकडे माणसं अनवाणी चालतात, मांडी घालून जेवतात, उकिडवं बसून काम करतात. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जे पाऊल घडवलं ते याच गरजेतून. बाहेरून रबर, दिसायला खऱ्या पावलासारखं, बुटाची गरज नाही, आणि घोट्यापाशी वरखाली-आडवं वाकणारं. रामचंद्र शर्मा फारसे शिकलेले नव्हते, हातात कला होती. त्यांचं नाव या गोष्टीत नेहमी मागे पडतं म्हणून मुद्दाम लिहिते. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराची बातमी वाचून सुधा चंद्रन यांनी त्यांच्याशी संपर्क साधला आणि विचारलं, मला पुन्हा नाचता येईल का?

अनवाणी नृत्यासाठी अनवाणी चालणारं पाऊल मिळालं, हा मोठाच योग. तरी पाऊल मिळणं आणि नाचणं यात फार अंतर असतं. अडवूंचं, म्हणजे नृत्यातल्या पावलांच्या मूळ प्रकारांचं उदाहरण घ्या. 'तट्टु' म्हणजे सपाट तळवा आपटणं, 'नाट्टु' म्हणजे टाच रोवणं, आणि 'कुदित्त मेट्टु' म्हणजे चवड्यावर उडी घेऊन मग टाच खाली आणणं. पहिल्या दोन्हींत कृत्रिम पाऊल साथ देऊ शकतं. तिसऱ्यात चवड्यावरचा तोल लागतो आणि तिथे रबराला जमिनीचा स्पर्श कळत नाही. तळव्याची जाणीव नसली की पाय टेकला हे गुडघ्याला बसणाऱ्या धक्क्यावरून, कमरेवरून आणि आवाजावरून ओळखावं लागतं. आवाज तालात आला तर पाय बरोबर पडला. शिवाय उरलेला पाय खोबणीत बसतो तिथली त्वचा घासते, सोलते, रक्त येतं. सरावात रक्त येत असे हे त्यांनी सांगितलं आहे, आणि ज्याने तासन्‌तास तट्टुअडवू घातला आहे त्याला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

अपघात १९८१चा, पुनरागमनाचा कार्यक्रम मुंबईत २८ जानेवारी १९८४ रोजी. मधली अडीच वर्षं हा माझ्या दृष्टीने त्यांच्या चरित्राचा गाभा आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. मुलाखतींमध्ये प्रश्न येतो तो कार्यक्रमाच्या संध्याकाळचा: प्रेक्षक उभे राहिले, घरी आल्यावर वडिलांनी मुलीच्या पायांना हात लावला. ते ऐकून माझेही डोळे भरतात. पण तुमच्या मुलीने बघायचं ते असं की, आधी येत असलेली गोष्ट या बाईंनी पहिलीपासून पुन्हा शिकली. आलेली गोष्ट पुन्हा पहिलीपासून शिकणं हे नव्याने शिकण्यापेक्षा कितीतरी जड जातं, कारण मनाला सगळं येत असतं आणि शरीर ऐकत नसतं.

या कार्यक्रमाची बातमी तेलुगू चित्रसृष्टीत पोचली. रामोजी रावांच्या संस्थेने सिंगीतम श्रीनिवास राव यांच्या दिग्दर्शनात 'मयूरी' हा चित्रपट केला, १९८५ मध्ये तो आला आणि त्यात सुधा चंद्रन यांनी स्वतःचीच गोष्ट साकारली. राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये त्यांच्या कामाची खास दखल घेऊन परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी टी. रामाराव यांनी तो हिंदीत 'नाचे मयूरी' म्हणून आणला आणि उत्तरेतही नाव झालं.

इथून पुढचा काळ थोडक्यात सांगते, कारण चित्रपटांची यादी देण्यात अर्थ नाही. त्या अनेक भाषांत काम करत राहिल्या, पण नायिका म्हणून 'मयूरी'ची उंची पुन्हा आली नाही. माझं स्पष्ट मत असं की पहिल्याच चित्रपटात स्वतःचं आयुष्य सांगून झालं की दुसऱ्या दिग्दर्शकापुढे पेच पडतो: आता या मुलीला काय द्यायचं? प्रेक्षक तिच्यात सारखी तीच मुलगी शोधतो. यातून सुटका करून दिली ती टीव्हीने, आणि तीही पंधरा वर्षांनी.

२००० नंतर स्टार प्लसवर रोजच्या मालिकांची लाट आली. बालाजी टेलिफिल्म्सची 'कहीं किसी रोज़' २००१ मध्ये सुरू झाली. मौली गांगुली आणि यश टोंक नायक-नायिका, आणि नायिकेपुढे उभी ठाकलेली सासू रमोला सिकंद: सुधा चंद्रन. मोठमोठ्या कलाकुसरीच्या टिकल्या, भारी साड्या, दागिने आणि ती नजर. घराघरांत बायका रमोलासारखी टिकली मागायला लागल्या होत्या, हे तुम्हालाही आठवत असेल. रमोला धडधाकट, श्रीमंत, सत्ता गाजवणारी बाई होती. त्या पात्राचा अपघाताशी, पायाशी, जिद्दीशी काहीएक संबंध नव्हता. बघणारा तिला घाबरत होता, तिच्यावर चिडत होता. तिची कीव करत नव्हता. अपंगत्व आलेल्या कलाकाराला आपण सहसा अपंग पात्रच देतो, किंवा प्रेरणेचं भाषण द्यायला बोलावतो. रमोलाने ती चौकट मोडली. म्हणून मी 'मयूरी'पेक्षा रमोलाला त्यांची मोठी कमाई मानते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. तुमच्या मुलीने पहिल्या-दुसऱ्या वर्षीच आठ दृष्टिभेद, म्हणजे नजरेचे प्रकार, पाठ केले असतील: सम, आलोकित, साची, प्रलोकित, निमीलित, उल्लोकित, अनुवृत्त, अवलोकित. क्लासमध्ये ते श्लोकाच्या चालीवर म्हटले जातात, परीक्षेत गुण मिळतात आणि मुली ते विसरून जातात. साची म्हणजे मान अजिबात न हलवता बुबुळं कोपऱ्यात नेऊन पाहणं. आता मालिकेतला नेहमीचा प्रसंग घ्या. सून दिवाणखान्यात काहीतरी कबूल करते आहे, सासू पाठमोरी उभी आहे. शब्द कानावर पडतात. न शिकलेली मुलगी झटकन मान वळवते, मग डोळे मोठे करते, मग भुवया उचलते. सगळं एकदम, पाव सेकंदात, आणि संकलकाच्या हाती काही लागत नाही. शिकलेली बाई आधी फक्त बुबुळं नेते. तेवढ्यात प्रेक्षकाला कळतं की हिने ऐकलं. मग एक भुवई. मग थोडा विराम. मान सगळ्यात शेवटी, नृत्यातल्या 'तिरश्चीन' या मानेच्या हालचालीसारखी हलकी सरकते. एका प्रतिक्रियेचे चार टप्पे झाले आणि प्रत्येक टप्प्याला संगीताचा एक ठोका देता आला. त्या काळच्या मालिकांत एकच चेहरा तीन-तीनदा दाखवत आणि प्रत्येक वेळी ढोल वाजे, तेव्हा अशी अभिनेत्री हाती असणं म्हणजे दिग्दर्शकाला सोनं होतं. रमोलाची गाजलेली नजर याच तालमीतली आहे.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. नृत्यात हात जातो तिथे नजर जाते, नजरेमागे मन जातं. मंचावर हस्तमुद्रा आणि डोळे मिळून अर्थ सांगतात. क्लोजअपमध्ये हात चौकटीच्या बाहेर असतो. म्हणजे अर्ध्या साधनांवर तोच अर्थ पोचवायचा. चांगल्या नर्तकीला इथे एक फायदा मिळतो: हात खाली असला तरी मनात ती मुद्रा धरू शकते आणि नजर आपोआप नेमक्या जागी जाते. मी मुलींना सांगते, संवाद ऐकताना टेबलाखाली हाताने 'शिखर' धरा किंवा 'कटकामुख' धरा, कॅमेऱ्याला दिसणार नाही, पण डोळ्यांत काहीतरी येईल. हे चालतं. 'आता विचार कर, आठवण काढ' असं नुसतं सांगून जे येत नाही ते मुद्रेने येतं, कारण नर्तकीच्या शरीरात भाव त्या वाटेने साठवलेला असतो.

दुसरा उपयोग पुनरावृत्तीचा. वर्णम् ही मार्गम् मधली मोठी रचना करताना एकच ओळ संचारीत, म्हणजे भाव खुलवून दाखवताना, पुन्हा पुन्हा येते, प्रत्येक वेळी वेगळा अर्थ, तरीही हात त्याच मात्रेला त्याच जागी. सेटवर एक प्रसंग आधी लांबून घेतात, मग खांद्यावरून, मग क्लोज. कप ज्या शब्दाला उचलला त्याच शब्दाला पुन्हा उचलायचा, पदर त्याच खांद्यावर, पाऊल जमिनीवरच्या खुणेवर आणि चेहरा दिव्यात. नव्या मुली इथे गळपटतात. आदितालाच्या आठ मात्रांत वाढलेल्या मुलीला हे सांगावंही लागत नाही. चालता चालता खाली न बघता खुणेवर थांबणं हा तर मंचावरचा रोजचा व्यवहार.

आता कमी कुठे पडतं तेही ऐका, कारण क्लासमधल्या बाई हे सांगत नाहीत. नर्तकी बोलत नाही. दहा वर्षं ती गाण्यावर ओठ न हलवता अभिनय करते, शब्द गायकाचे असतात. त्यामुळे चेहरा तयार आणि आवाज कोरा, असं बहुतेकींचं होतं. संवाद पाठांतरासारखा येतो, वाक्याच्या शेवटी आवाज मावळतो, श्वास कुठे घ्यायचा कळत नाही. आणि दुसरं, प्रमाण. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसावं म्हणून घडवलेला भाव भिंगापुढे ओरडल्यासारखा वाटतो. रमोलासारख्या भडक पात्रात ते खपतं, नव्हे, शोभतं. मराठी मालिकांचा आजचा बराचसा सूर घरगुती आहे. तिथे भुवई एवढी उचलली तर दिग्दर्शक लगेच थांबवेल. तिसरं म्हणजे उभं राहणं. पाठ ताठ, खांदे मागे, मान लांब: ही ऐट कॉलेजातल्या साध्या मुलीच्या भूमिकेत बसत नाही. ताठपणा सोडायला शिकावं लागतं आणि ते अवघड जातं, कारण तो मिळवायला वर्षं घातलेली असतात.

सुधा चंद्रन यांच्याकडून शिकण्यासारखं हेच आहे की त्यांनी मापं बदलली. तमिळमध्ये विजय टीव्हीवर 'दैवम तंद वीडु' २०१३ पासून काही वर्षं चालली, त्यात त्या चित्रादेवी होत्या: करारी, घराला धाक असलेली सासू. तीच ताठ मान, तिचा अर्थ मात्र इथे अधिकार आणि माया. २०१५ मध्ये कलर्सवर 'नागिन' आली, तिथे यामिनी. गोष्टच इच्छाधारी नागिणींची, मग अभिनयही मोठ्या मापाचाच हवा, आणि मोठ्या मापाचा अभिनय ओशाळं न होता करणं ही शिकलेल्या माणसाची खूण. नंतर दंगल वाहिनीवर 'क्राइम अलर्ट'मध्ये त्या निवेदन करताना दिसल्या. तिथे ना पात्र, ना टिकलीचा थाट. सरळ उभं राहून कॅमेऱ्याशी बोलायचं, म्हणजे सगळा भार आवाजावर. ज्या गोष्टीत नर्तकी कच्ची असते तीच गोष्ट त्यांनी पुढे पोटापाण्याचं साधन केली.

वयाचंही बोलायला हवं. रमोला केली तेव्हा त्या पस्तिशीत होत्या आणि सासूची भूमिका घेतली. नायिकेच्या खुर्चीला चिकटून राहिल्या असत्या तर दोन-चार वर्षांत बाहेर गेल्या असत्या. खलनायिका आणि सासू यांना रोजच्या मालिकेत लांबचं आयुष्य मिळतं, कारण गोष्ट त्याच पुढे ढकलतात. 'माझी मुलगी निगेटिव्ह करणार नाही' असं काही आया ऑडिशनच्या आधीच सांगतात. तसं ठरवून टाकू नका.

मराठीतली उदाहरणं हवी असतील तर तीही आहेत. अर्चना जोगळेकर कथकच्या, आई आशा जोगळेकर यांच्याच शिष्या. १९८०च्या दशकात दूरदर्शनच्या 'चुनौती'सारख्या मालिका आणि मराठी चित्रपट करून त्या पुढे अमेरिकेत न्यू जर्सीला गेल्या आणि नृत्याची शाळा चालवू लागल्या. म्हणजे नृत्य हा त्यांचा पाया होता आणि परतीची वाटही तीच. प्राजक्ता माळी पुण्याच्या ललित कला केंद्रात भरतनाट्यम शिकल्या, 'जुळून येती रेशीमगाठी'मुळे घराघरांत पोचल्या, आणि २०२४ मध्ये स्वतः निर्मिती करून 'फुलवंती' केला, ज्यात नर्तकीचीच भूमिका होती. दोघींनीही मालिकेत असताना नाचून दाखवण्याची वाट पाहिली नाही, आणि दोघींनीही नृत्य टाकलं नाही. सुधा चंद्रन यांचंही तसंच: मालिका चालू असताना कार्यक्रम चालू, स्वतःची नृत्यसंस्था चालू. आणि हो, अर्थशास्त्रातलं एम.ए.ही केलेलं. तुमच्या मुलीला हे शेवटचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

अपघातानंतरचं आयुष्य पुरस्काराने संपत नाही, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांनी एक चित्रफीत टाकली. विमानतळावर तपासणीच्या वेळी दर खेपेस कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, तेव्हा अशा प्रवाशांसाठी काही ओळखपत्राची सोय करावी, अशी विनंती त्यांनी थेट पंतप्रधानांना केली होती. विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफने त्यावर जाहीर दिलगिरी व्यक्त केली. देशभर चेहरा ओळखीचा असलेल्या बाईला साठीकडे झुकताना हे मागावं लागतं, तर बाकीच्यांचं काय होत असेल याचा विचार करून मला फार वाईट वाटलं होतं. मुलगी त्यांना आदर्श मानते ना? मग त्यांचं हे बोलणंही तिच्या कानावर पडू द्या.

आता घरातल्या निर्णयाबद्दल. विशारद पूर्ण होऊ द्या. त्याचं प्रमाणपत्र ऑडिशनला कोणी विचारत नाही, मात्र त्या दोन वर्षांत वर्णम् आणि पदम् ही अभिनयप्रधान रचना पक्की होते आणि वर लिहिलेलं सगळं तिथूनच येतं. मधल्या काळात आवाजाचं काम सुरू करा. गावात हौशी नाट्यसंस्था असेल तर उत्तम, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना नुसतं बसायला मिळालं तरी चालेल. नाहीतर रोज वर्तमानपत्रातला एक उतारा मोठ्याने, उभं राहून, वाक्याचा शेवट न गिळता वाचायचा. लहेजा बदलायची घाई नको. आज साताऱ्या-कोल्हापूरकडे कितीतरी मराठी मालिकांचं चित्रीकरण होतं आणि बोलीला मागणी आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी आईने जाणून असाव्यात. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कोणी नोंदणी, पोर्टफोलिओ, 'नक्की सिलेक्शन' म्हणून रक्कम मागितली तर तिथूनच परत या. रोजच्या मालिकेत दिवसाची पाळी बारा तासांची धरा, वर जाण्यायेण्याचा वेळ. मानधन बहुतेक ठिकाणी काम केल्यापासून नव्वद दिवसांनी हाती येतं, म्हणजे पहिले तीन महिने मुंबईतला राहण्याचा खर्च घरून करावा लागेल. करारात किती काळ बांधून घेतलं आहे आणि त्या काळात बाहेर नृत्याचे कार्यक्रम करता येतील का, हे सही करण्याआधी वाचा. नृत्याचं कलम लिहून घ्यायला लाजू नका. सेटवर दिवसभर उंच टाचांवर उभं राहून गुडघे आणि पाठ धरते. पहाटेचा पाऊण तास अडवूंना दिला तरच शरीर टिकतं.

आणि आजच करता येईल असं एक काम सांगते. मोबाइल उभ्या काठीला बांधा, चौकटीत फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा येऊ द्या. तिला येत असलेल्या एखाद्या पदम् मधली एक ओळ निवडा. पहिल्यांदा क्लासमध्ये करते तशी पूर्ण करायला सांगा. दुसऱ्यांदा हात खाली ठेवून. तिसऱ्यांदा भुवया न उचलता, नुसत्या बुबुळांनी आणि श्वासाने. चौथ्यांदा तोच भाव धरून स्वतःच्या शब्दांत एक साधं वाक्य बोलायचं, 'आई, मी उशिरा येईन' इतकं साधं. चारही चित्रफिती आवाज बंद करून बघा, मग आवाज लावून बघा. तिसरीत काही दिसत असेल तर नृत्याने तिचं काम केलं आहे. चौथीत जे ऐकू येईल त्यावरून पुढच्या सहा महिन्यांत कशावर घाम गाळायचा ते तिला स्वतःलाच कळेल.